काउंट रमफोर्ड

सर बेंजामिन थॉम्प्सन, काउंट रमफोर्ड (२६ मार्च १७५३ – २१ ऑगस्ट १८१४) हे अमेरिकेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ, संशोधक, लष्करी अधिकारी व प्रशासक होते. उष्णता हा पदार्थात साठवलेला द्रव नसून ती गतीतून निर्माण होते, हे दाखवणाऱ्या तोफेच्या प्रयोगामुळे त्यांचे नाव भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे ते प्रमुख संस्थापक होते. त्यांच्या लेखनाचा मोठा भाग मात्र चुली, भट्ट्या, पातेली, सूप, बटाटे आणि कॉफी या विषयांना वाहिलेला आहे. अन्न शिजते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न तापमापक हाती घेऊन पद्धतशीरपणे विचारणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या रेणवीय पाकशास्त्राच्या प्रवर्तकांनी त्यांना आपला पूर्वसूरी मानले आहे.

बालपण आणि शिक्षण

थॉम्प्सन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स या तत्कालीन ब्रिटिश वसाहतीतील वोबर्न या गावी शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले आणि आईने पुनर्विवाह केला. तेराव्या वर्षी त्यांना सेलम येथील एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. पण गल्ल्यापेक्षा त्यांचे मन यंत्रे, आकृत्या व रसायने यांत अधिक रमे. शोभेची दारू तयार करताना झालेल्या स्फोटात ते भाजले होते. पुढे बोस्टनमधील कापडाच्या दुकानात नोकरी आणि वोबर्नमधील एका डॉक्टरांकडे वैद्यकाचे थोडे शिक्षण झाले. मित्र लोआमी बाल्डविन यांच्यासह ते वोबर्नहून केंब्रिजपर्यंत पायी जाऊन हार्वर्ड महाविद्यालयातील जॉन विन्थ्रॉप यांची भौतिकशास्त्रावरील व्याख्याने ऐकत. त्यांचे औपचारिक शिक्षण यापलीकडे गेले नाही.

१७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील कॉन्कर्ड येथे त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. या गावाचे पूर्वीचे नाव रमफोर्ड असे होते. तेथे त्यांनी वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या साराह रोल्फ या धनाढ्य विधवेशी विवाह केला. या विवाहामुळे एकोणीस वर्षांचा शिक्षक एकाएकी जमीनदार झाला आणि वसाहतीचे गव्हर्नर जॉन वेंटवर्थ यांच्या परिचयाचाही. वेंटवर्थ यांनी त्यांना थेट मेजरचा हुद्दा दिला. ज्येष्ठ अधिकाऱ्यांना डावलून झालेली ही नेमणूक गावात अनेकांना खुपली.

अमेरिकन क्रांती आणि पलायन

स्वातंत्र्ययुद्धाच्या उंबरठ्यावर थॉम्प्सन यांची निष्ठा ब्रिटिश राजसत्तेकडे असल्याचा संशय बळावला. १७७४ च्या अखेरीस संतप्त जमावापासून बचाव करण्यासाठी ते कॉन्कर्ड सोडून पळाले. मागे पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी राहिली. पत्नीशी त्यांचा संसार पुन्हा कधीच जुळला नाही. मुलगी साराह हिचा सहवास लाभला तो अनेक वर्षांनी. लोकांचा संशय खोटा नव्हता. मे १७७५ मध्ये त्यांनी अदृश्य शाईने लिहिलेले, बंडखोर सैन्याची माहिती पुरवणारे पत्र पुढे ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांच्या दप्तरात सापडले.

१७७६ मध्ये ते लंडनला गेले आणि वसाहतमंत्री लॉर्ड जॉर्ज जर्मेन यांच्या मर्जीत बसले. बंदुकीच्या दारूवरील प्रयोगांमुळे १७७९ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात ते घोडदळाचे अधिकारी म्हणून अमेरिकेत परतले. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाँग आयलंडवरील हंटिंग्टन येथे त्यांच्या तुकडीने गावाच्या दफनभूमीतच किल्ला उभारला व थडग्यांच्या शिळा पावाच्या भट्ट्यांसाठी वापरल्या. त्या भट्ट्यांतून निघालेल्या पावांवर मृतांची नावे उलट्या अक्षरांत उमटत, अशी आठवण त्या गावाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्यांच्या चरित्रात स्वयंपाकाचा पहिला ठळक उल्लेख येतो तो असा.

बव्हेरियातील कार्य

युद्ध संपल्यावर युरोपात नशीब काढण्यास निघालेल्या थॉम्प्सन यांना बव्हेरियाचे शासक कार्ल थिओडोर यांनी आपल्या सेवेत घेतले. इंग्लंडच्या राजाने १७८४ मध्ये त्यांना सर ही पदवी देऊन या सेवेस अनुमती दिली. म्युनिक येथे ते सुमारे चौदा वर्षे कार्यरत होते आणि युद्धमंत्रिपदापर्यंत पोहोचले. १७९० च्या दशकाच्या आरंभी त्यांना पवित्र रोमन साम्राज्याचे काउंट करण्यात आले. या किताबासाठी त्यांनी जे गाव सोडून पळ काढला होता, त्याचेच जुने नाव निवडले.

बव्हेरियाच्या सैन्याची अवस्था वाईट होती: पगार तुटपुंजा, कपडे अपुरे आणि जेवण निकृष्ट. सैनिकाला कमी खर्चात ऊब कशी मिळेल, या व्यावहारिक प्रश्नापासून रमफोर्ड यांचे उष्णतेवरील संशोधन सुरू झाले. काचेच्या गोळ्यात तापमापक बसवून त्याभोवती लोकर, रेशीम, कापूस, पिसे व फर यांचे थर देऊन तो किती वेळात थंड होतो, याची त्यांनी मोजणी केली. कापडाची ऊब धाग्यापेक्षा धाग्यांच्या जाळ्यात अडकून पडलेल्या हवेमुळे अधिक असते, हा त्यांचा निष्कर्ष होता. या संशोधनासाठी १७९२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले.

म्युनिकमधील भिकाऱ्यांच्या प्रश्नाला त्यांनी लष्करी मोहिमेप्रमाणे हात घातला. लोक दानधर्म करतात म्हणून भिकारी हमखास बाहेर पडतील, असा हिशेब करून त्यांनी १ जानेवारी १७९० हा दिवस निवडला. पहिल्या भिकाऱ्याला त्यांनी स्वतः ताब्यात घेतले. आठवडाभरात सुमारे २,६०० जणांची नोंद झाली. त्यांना तुरुंगात न टाकता आधीच सज्ज ठेवलेल्या कार्यगृहात आणण्यात आले. तेथे उबदार खोल्या, सूतकताई व विणकामाचे शिक्षण, कामाचा मोबदला आणि दुपारचे गरम जेवण मिळे. तयार झालेले कापड सैन्याच्या गणवेशासाठी वापरले जाई. आधी माणसाला सुखी करावे म्हणजे तो सद्‌वर्तनी होईल, हा त्यांचा विचार त्या काळच्या समजुतीच्या नेमका उलट होता. मात्र या योजनेत भिकाऱ्यांचे मत कोणी विचारले नव्हते, हेही नोंदवायला हवे.

रमफोर्ड सूप आणि अन्नाविषयीचे विचार

रोज हजाराहून अधिक माणसांना कमीत कमी पैशांत आणि कमीत कमी लाकडावर जेवू घालायचे, ही अडचण रमफोर्ड यांना स्वयंपाकघरात घेऊन आली. अनेक महिने वेगवेगळी मिश्रणे करून त्यांनी जे सूप ठरवले त्यात सालकाढलेले जव, वाटाणे, बटाटे, पावाचे तुकडे, मीठ, आंबूस व्हिनेगर आणि भरपूर पाणी असे. जव आधी पाण्यात टाकून उकळायचे, नंतर वाटाणे, त्यानंतर बटाटे, आणि सगळे मंद आचेवर तीनएक तास ढवळत ठेवायचे, हा क्रम त्यांनी कटाक्षाने सांगितला आहे. जवातील पिष्ट हळूहळू फुगून पाण्याला दाटपणा आणते व त्यासाठी जाळापेक्षा वेळ महत्त्वाचा असतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

बटाटा त्या काळी बव्हेरियात जनावरांच्या खाद्याच्या लायकीचा मानला जाई. कार्यगृहातील लोक तो खाणार नाहीत हे ओळखून रमफोर्ड यांनी आरंभी बटाटे वेगळ्या खोलीत शिजवून, त्यांचा आकारही ओळखू येणार नाही इतका लगदा करून सूपमध्ये मिसळले. सूप आवडल्यावर गुपित उघड झाले आणि पुढे लोक स्वतःहून बटाटे मागू लागले. सैनिकांना बागेचे लहान तुकडे देऊन त्यांत बटाट्याची लागवड करण्याची प्रथाही त्यांनी पाडली. सुटीवर घरी जाणाऱ्या सैनिकांबरोबर हे पीक खेड्यांत पोहोचले.

पावाचे तुकडे वाळलेले असावेत आणि वाढण्याच्या अगदी आधी सूपमध्ये टाकावेत, असा त्यांचा आग्रह होता. कडक पाव चावावा लागतो, चावल्याने घास तोंडात जास्त वेळ राहतो आणि खाण्याचे सुख लांबते. गरिबाच्या ताटात अन्न थोडे असते म्हणून हे सुख वाढवणे अधिकच गरजेचे, असे ते मानत. चव आणि पोत यांचा इतक्या गांभीर्याने विचार करणारा युद्धमंत्री विरळाच. अन्नावरील याच निबंधात त्यांनी बालपणी खाल्लेल्या मक्याच्या घाट्याची कृती दिली आहे. ताटलीतल्या घाट्याच्या मध्यभागी खळगा करून त्यात लोणी व काकवी घालावी, कडेने चमचा भरत यावे, प्रत्येक घास खळग्यात बुडवावा आणि खळग्याची भिंत शेवटपर्यंत ढासळू देऊ नये, इतक्या तपशिलात ते उतरतात. मायभूमीचा द्रोह करून आलेल्या माणसाचा इतका हळवा मजकूर त्यांच्या लेखनात अन्यत्र क्वचितच आढळतो.

सूपविषयीचा त्यांचा सिद्धांत मात्र चुकीचा होता. एका वाढपातील घन पदार्थ अगदी थोडे असूनही माणसे तृप्त होतात, हे पाहून त्यांनी पाणी हेच अन्न आहे असा निष्कर्ष काढला. पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, हे नुकतेच सिद्ध झाले होते. वनस्पतींच्या शरीरात पाण्याचे विघटन होऊन त्यांचे पोषण होते, तसेच दाट सूपमधील पाण्याचेही मानवी पोटात होत असावे, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात पाण्यापासून शरीराला ऊर्जा मिळत नाही. दाट व गरम सूपने पोट भरल्याची भावना होते, पण ती भावना आणि पोषण यांतील फरक ओळखण्याची साधने तेव्हा उपलब्ध नव्हती. प्रथिने, पिष्टमय पदार्थ व मेद यांच्या आधारे आहाराचा विचार पुढच्या शतकात सुरू झाला.

या चुकीचे परिणाम पुस्तकापुरते राहिले नाहीत. दुष्काळ व युद्धाच्या त्या काळात लंडन, जिनिव्हा, हॅम्बर्ग, पॅरिस आदी शहरांत रमफोर्ड यांच्या नावाने सूप वाटणारी केंद्रे निघाली. धान्याची टंचाई असताना त्यांनी असंख्य लोकांना तग धरण्यास मदत केली. परंतु पातेल्यातील पाणी वाढवण्यास शास्त्राचा आधार मिळाल्याने काटकसरी व्यवस्थापकांच्या हाती हे सूप अधिकाधिक पातळ होण्याचा धोकाही त्यात होता. मूळ कृतीतील वाटाणे, जव आणि सोबतचा राईचा पाव यांमुळे म्युनिकचे जेवण त्यातल्या त्यात बरे होते. श्रेय पाण्याला नव्हे, या पदार्थांना जाते.

स्वयंपाकघराची पुनर्रचना

अठराव्या शतकात युरोपातील बहुतेक स्वयंपाक उघड्या जाळावर होई. उष्णतेचा फार मोठा भाग धुराड्यातून निघून जाई, स्वयंपाकघर धुराने भरे आणि आचाऱ्याचा चेहरा भाजून निघे. रमफोर्ड यांनी विटांचा बंदिस्त ओटा बांधून प्रत्येक पातेल्यासाठी त्यात स्वतंत्र खळगा आणि त्याखाली स्वतंत्र लहान भट्टी ठेवली. पातेले कडेपर्यंत विटांच्या आत बसे, त्यामुळे ज्वाला तळासह बाजूंनाही लागे. हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन झडपा फिरवून आच कमी-अधिक करता येई. आज शेगडीची कळ फिरवून आपण जे करतो, ते लाकडाच्या चुलीवर शक्य करण्याचा हा प्रयत्न होता. अशी स्वयंपाकघरे म्युनिकसह व्हेरोना येथील रुग्णालयांत आणि लंडनच्या अनाथ बालकांच्या संस्थेत उभी राहिली.

उकळण्याविषयी त्यांनी आचाऱ्यांना सांगितलेली गोष्ट आजही अनेक घरांत पटवून द्यावी लागते. पाणी एकदा उकळू लागले की जाळ कितीही वाढवला तरी त्याचे तापमान वाढत नाही. जास्तीची उष्णता वाफ होण्यात खर्च होते. बर्फाइतके थंड पाणी उकळीपर्यंत आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता तेच उकळते पाणी वाफेत घालवण्यास लागते, असे त्यांनी आकड्यानिशी मांडले. म्हणजे खदखदणाऱ्या पातेल्यात अन्न लवकर शिजत नाही; फक्त लाकूड जळते आणि सुवास उडून जातो.

मांस भाजण्यासाठी त्यांनी केलेली लोखंडी नळकांड्याची भट्टी त्याहून कल्पक होती. तिच्या खाली जाळ असे आणि तळाशी दोन नळ्या असत. मांस मंद आचेवर शिजत असताना या नळ्या बंद ठेवायच्या. ते आतून शिजले की जाळ वाढवून नळ्या उघडायच्या, म्हणजे तापलेली कोरडी हवा आतून वाहून वरचा थर तांबूस व खमंग होई. ठिबकणारी चरबी जळू नये म्हणून तिच्या भांड्याखाली पाण्याचे भांडे ठेवलेले असे. मांस आधी मंद आचेवर शिजवून शेवटी त्याला रंग आणण्याची आजच्या आचाऱ्यांची पद्धत तत्त्वतः हीच आहे.

बंद स्वयंपाकघरातील मांस

रमफोर्ड यांच्या पाकविषयक लेखनातील सर्वाधिक प्रसिद्ध प्रसंग अपघाताने घडला. बटाटे वाळवण्यासाठी त्यांनी एक यंत्र तयार केले होते. त्यात मांस भाजता येईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी मेंढ्याच्या खांद्याचा तुकडा आत ठेवला. तीन तास उलटूनही तो शिजण्याचे चिन्ह दिसेना. आच पुरेशी नाही असे समजून ते काहीशा त्राग्यानेच घरी गेले आणि मांस स्वयंपाकिणींच्या हवाली केले. रात्र बरीच झाली होती. मांस यंत्रातच सुरक्षित राहील असे वाटून त्यांनी ते तसेच ठेवले. सकाळी दुपारच्या जेवणासाठी ते शिजवावे म्हणून त्या पाहायला गेल्या, तर मांस पूर्ण शिजलेले, मऊ आणि विलक्षण चवदार झाले होते. झोपायला जाण्यापूर्वीच यंत्राखालचा विस्तव विझला होता आणि स्वयंपाकघराला कुलूप लावून किल्लीही सोबत नेलेली होती. त्यामुळे हा प्रकार त्यांना चमत्कारच वाटला.

रमफोर्ड यांनी त्यातून निष्कर्ष काढला तो असा की, मांस शिजण्यासाठी उकळत्या पाण्याइतके तापमान आवश्यक नाही. त्याहून कमी तापमान दीर्घ काळ मिळाले तर मांस अधिक चांगले होते. याचे कारण आज ठाऊक आहे. मांसाच्या तंतूंतील मायोसिन हे प्रथिन सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आपली रचना बदलू लागते, तर ॲक्टिन ६५ अंशांच्या पुढे. तापमान जसजसे वाढते तसतसे तंतू आवळले जाऊन त्यांतील रस बाहेर पडतो आणि मांस चिवट व कोरडे होते. तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन मात्र सावकाश विरघळून जिलेटिन बनते. त्यासाठी अनेक तास लागतात. खांद्याचा भाग सतत हालचालीचा असल्याने त्यात कोलॅजेन भरपूर असते. विझत चाललेल्या भट्टीच्या उबेने रात्रभरात नेमके हेच काम केले. प्रथिनांच्या रचनेविषयी काहीच माहिती नसताना रमफोर्ड यांनी परिणाम अचूक टिपला होता.

गरम सफरचंदे आणि उष्णतेचे प्रवाह

काही पदार्थ इतरांपेक्षा फार काळ गरम राहतात, हे रमफोर्ड यांच्या जेवणाच्या टेबलावरच लक्षात आले होते. शिजवलेल्या सफरचंदांचे सारण आणि दाट भाताचे सूप बराच वेळ ठेवूनही त्यांचे तोंड भाजले. पाण्याने भरलेल्या पदार्थाने पाण्याइतक्याच वेगाने थंड व्हायला हवे, मग असे का होते?

उत्तराचा धागा वेगळ्याच ठिकाणी सापडला. मद्यार्क भरलेला एक मोठा तापमापक त्यांनी निवण्यासाठी खिडकीत ठेवला असता उन्हाच्या तिरिपेत आतील धुळीचे कण वेगाने हलताना दिसले. द्रवाचा एक प्रवाह वर जात होता, दुसरा खाली येत होता, आणि तापमान स्थिर झाल्यावर दोन्ही थांबले. द्रव स्वतः वाहून उष्णता नेतात, म्हणजेच अभिसरण होते, हे त्यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. सफरचंदातील तंतू किंवा भातातील पिष्ट या प्रवाहांना अडवतात, म्हणून ते पदार्थ गरम राहतात. उबदार कापडात अडकलेली हवा आणि तोंड भाजणारे सारण यांचे स्पष्टीकरण एकच निघाले. उत्साहाच्या भरात ते पुढे गेले आणि द्रवांतून उष्णतेचे वहन मुळीच होत नाही असे प्रतिपादन केले. ते चूक असल्याचे जॉन डाल्टन व इतरांनी लवकरच दाखवून दिले.

तोफेचा प्रयोग

त्या काळी उष्णता म्हणजे कॅलॉरिक नावाचा वजनरहित द्रव, असे लाव्वाझिए आणि त्यांचे अनुयायी मानत. म्युनिकच्या शस्त्रागारात पितळी तोफांना भोके पाडताना निर्माण होणारी प्रचंड उष्णता पाहून रमफोर्ड यांना या मताची शंका आली. त्यांनी मुद्दाम बोथट गिरमिट घेऊन, ते तोफेच्या धातूवर घट्ट दाबून घोड्यांच्या साहाय्याने मिनिटाला सुमारे ३२ फेऱ्यांनी धातू फिरवला. भोवती लाकडी पेटीत साडेआठ किलोग्रॅम पाणी होते. तासाभरात ते कोमट झाले आणि अडीच तासांनी विस्तवाशिवाय उकळू लागले. पाहणारे थक्क झाले. घर्षण चालू असेपर्यंत उष्णता अखंड निघत राहते. जी वस्तू संपतच नाही ती द्रव्य असू शकत नाही, ती गतीच असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा शोधनिबंध जानेवारी १७९८ मध्ये रॉयल सोसायटीत वाचला गेला.

त्यातही स्वयंपाक आहेच. या उष्णतेवर अडीअडचणीला अन्न शिजवता येईल, पण घोड्याचा चारा थेट जाळल्यास त्याहून अधिक उष्णता मिळेल, असा हिशेब त्यांनी करून ठेवला आहे. कॅलॉरिकचा सिद्धांत या प्रयोगाने लगेच कोसळला नाही. १८४० च्या दशकात जेम्स जूल यांनी यांत्रिक कार्य आणि उष्णता यांचे नेमके प्रमाण मोजले, तेव्हा त्यांनी रमफोर्ड यांच्या प्रयोगाची आवर्जून दखल घेतली.

लंडन आणि रॉयल इन्स्टिट्यूशन

१७९५-९६ मध्ये लंडनला आलेल्या रमफोर्ड यांनी घरोघरच्या धूर ओकणाऱ्या शेकोट्या सुधारल्या. शेकोटीचे तोंड लहान, बाजू तिरप्या आणि धुराड्याचा गळा अरुंद, एवढ्या बदलाने धूर वर जाऊ लागला आणि खोलीत ऊब राहू लागली. रमफोर्ड शेकोटी ही इंग्लंडमधील प्रतिष्ठेची वस्तू झाली. जेन ऑस्टिनच्या कादंबरीत तिचा उल्लेख येतो आणि व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी तिच्यासमोर शेकत उभ्या असलेल्या रमफोर्ड यांचे चित्र काढले. बहुतेक शोधांचे एकस्व न घेता त्यांनी ते लोकांना मोकळे केले.

विज्ञानाचा उपयोग सामान्य जीवनात व्हावा या हेतूने त्यांनी १७९९ मध्ये जोसेफ बँक्स आदींच्या साहाय्याने रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना केली. संस्थेच्या इमारतीत नमुन्याचे स्वयंपाकघरही होते. हम्फ्री डेव्ही आणि टॉमस यंग यांची नेमणूक त्यांच्याच काळातील. सहकाऱ्यांशी न पटल्याने १८०२ मध्ये ते लंडन सोडून गेले आणि संस्था चुलींपासून दूर, मूलभूत संशोधनाकडे वळली.

पॅरिस आणि अखेरची वर्षे

१८०५ मध्ये रमफोर्ड यांनी पॅरिसमध्ये मारी-ॲन लाव्वाझिए यांच्याशी विवाह केला. क्रांतीत शिरच्छेद झालेल्या ज्या रसायनशास्त्रज्ञाच्या कॅलॉरिकला त्यांनी आव्हान दिले, त्याच्याच या विधवा. त्यांना घरी पाहुण्यांचा राबता प्रिय होता, तर रमफोर्ड यांना शांतता व शिस्त. एकदा त्यांनी पत्नीच्या पाहुण्यांना फाटकाबाहेर अडवले, तेव्हा तिने त्यांच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतल्याचे त्यांनी मुलीला कळवले होते. १८०९ मध्ये दोघे विभक्त झाले.

पॅरिसजवळील ओतय येथे त्यांनी उर्वरित आयुष्य एकाकीपणे घालवले. प्रयोग थांबले नाहीत. १८१२ च्या सुमारास त्यांनी कॉफीवर दीर्घ निबंध लिहिला. कॉफीचा सुगंध उडून जाणारा असतो, म्हणून ती पाण्यात उकळू नये. भुकटी सारखी दाबून तिच्यावरून गरम पाणी झिरपू द्यावे आणि भांड्याभोवती गरम पाण्याचे वेष्टण ठेवून तापमान टिकवावे, असे त्यांनी सांगितले व त्यासाठी खास भांडीही तयार केली. मद्याऐवजी श्रमिकांना हे पेय परवडावे ही त्यांची इच्छा होती.

२१ ऑगस्ट १८१४ रोजी तापाच्या अल्प आजाराने त्यांचे ओतय येथे निधन झाले. फ्रेंच विज्ञान संस्थेत श्रद्धांजलीपर भाषण करताना जॉर्ज क्युव्हिए यांनी त्यांच्या लोकोपयोगी कार्याचा गौरव केला, पण ही सेवा त्यांनी माणसांवर प्रेम न करता केली, हेही सांगितले.

पाकविज्ञानावरील प्रभाव

एकोणिसाव्या शतकात लोखंडी बंद चुलींनी रमफोर्ड यांची भट्टीची कल्पना घराघरांत नेली, पण मंद आचेवरील मांसाचे निरीक्षण विस्मरणात गेले. हंगेरीत जन्मलेले ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती हे अतिशीत तापमानाचे संशोधक होते. १९६९ मध्ये त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच स्वयंपाकघरातील भौतिकशास्त्रावर सप्रयोग व्याख्यान दिले. त्यात रमफोर्ड यांच्या प्रयोगाच्या धर्तीवर कोकराचे मांस सुमारे ८० अंश सेल्सिअसला साडेआठ तास ठेवून शिजवले गेले. ते रसाळ व मऊ निघाले. कुर्ती आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्व्हे तीस यांनी १९८८ मध्ये या अभ्यासशाखेला रेणवीय पाकशास्त्र हे नाव दिले आणि १९९२ पासून इटलीतील एरिचे येथे शास्त्रज्ञ व आचारी यांच्या एकत्रित कार्यशाळा भरू लागल्या. हवाबंद पिशवीतील अन्न नियंत्रित तापमानाच्या पाण्यात शिजवण्याची पद्धत १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये विकसित झाली. तिचा उगम स्वतंत्र असला तरी मागचे तत्त्व तेच आहे: भट्टी किती तापली यापेक्षा पदार्थाच्या आत तापमान किती आणि किती वेळ, हे मोजणे.

सन्मान आणि स्मारके

रमफोर्ड यांनी दिलेल्या निधीतून रॉयल सोसायटी रमफोर्ड पदक आणि अमेरिकन ॲकॅडमी ऑफ आर्ट्‌स अँड सायन्सेस रमफोर्ड पारितोषिक देते. पदक मिळालेल्यांत मायकेल फॅरडे, लुई पाश्चर व जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांचा, तर पारितोषिक मिळालेल्यांत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा समावेश आहे. म्युनिकमधील विस्तीर्ण इंग्लिश गार्डन ही बाग १७८९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेथे त्यांचे स्मारक असून माक्सिमिलियन मार्गावर पुतळा आहे. त्याची प्रतिकृती वोबर्न येथे बसवलेली आहे. चंद्रावरील एका विवरालाही त्यांचे नाव दिलेले आहे.

ज्या देशातून ते पळाले, त्याच देशातील हार्वर्ड विद्यापीठास त्यांनी मृत्युपत्राद्वारे प्राध्यापकपदासाठी निधी दिला. १८४७ मध्ये या पदावर आलेले रसायनशास्त्रज्ञ एबन हॉर्सफर्ड यांनी पुढे कॅल्शियम फॉस्फेटवर आधारित बेकिंग पावडर विकसित केली आणि तिच्या उत्पादनासाठी काढलेल्या कंपनीला रमफोर्ड यांचे नाव दिले. या नावाची बेकिंग पावडर अमेरिकेतील दुकानांत अजूनही मिळते.